पाळकसाहेबांचं डोकं कुणीकडं

परभणी जिल्ह्यात मेलेल्या पाळकाला आमच्या शेजारच्या दादांइतका मान देणारा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि जिवंत पाळकाला त्यांच्याइतका छळणाराही. पाळक म्हणजे ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू. ते चर्चमध्ये उपासना घेतात, लग्नं लावतात, लेकरांना बाप्तिस्मा देतात आणि माणूस गेला की त्याला मातीपर्यंत पोचवतात. हे सगळं मला दादांमुळे कळलं. मी स्वतः लिंगायत. सेलूला स्टेशनमागच्या गल्लीत आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, याला चाळीस वर्षं होऊन गेली. भिंतीच्या अलीकडे माझा देव्हारा आणि शिलाई मशीन, पलीकडे दादांचा क्रूस आणि त्यांचा रेडिओ. दादा रेल्वेत पॉइंट्समन होते. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, तिचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं, ह्यातच त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर रूळ हातातून गेले, पण तोंडा-शेपटाची काळजी काही गेली नाही. ती त्यांनी उचलून चर्चमध्ये नेली.

दुसरी माणसं रिटायर झाली की नातवंडं खेळवतात, गुडघ्याला तेल लावतात. दादा मयतीला जातात. कुणाच्याही नाही हं! साधा माणूस गेला तर शेजारधर्म म्हणून जातील, हळहळतील आणि तासाभरात घरी येऊन भाकरी खातील. पण फोनवरच्या त्यांच्या चर्चवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुठले पाळक गेल्याची खबर आली, की म्हाताऱ्याच्या अंगात वीस वर्षांचं पोरगं शिरतं. जालना असो, नांदेड असो, पहिल्या गाडीनं दादा निघालेच. पिशवीत काळा कोट, खांदेकऱ्यांसाठी पांढऱ्या हातमोज्यांचे सहा जोड, पेटीचे स्क्रू पिळायला एक पेचकस, आणि कपड्यांची मापं घ्यायची टेप. ही टेप माझी आहे. कधी तरी मागून नेली होती, ती पाळकांच्या सेवेत लागली, ती लागलीच. मी आता नवी घेतली आहे आणि ती लपवून ठेवते.

परत आले की कोटसुद्धा न काढता भिंतीपाशी उभे राहून मला सगळा हिशोब देतात. म्हणजे लग्नावरून आलेली बाई जेवणाला नावं ठेवते ना, तसा. "मयत तशी चांगली झाली, अक्का. गर्दी लय होती. पण झग्याला इस्तरी न्हाई! आन् खांदेकरी उंची बघून लावले न्हाईत. फुडचे दोघं ताडाचं झाड, मागचे बुटके. बिचारे पाळकसाहेब शेवटच्या वाटंला घाट चढायल्यागत दिसायले."

"मेलेल्या माणसाला काय त्याचं, दादा?" मी म्हणायची.

"मेलेल्या माणसालाच असतंय, अक्का. जित्या माणसाला काय, तो सावरून घेतो."

पाळकाच्या मयतीचे कायदे दादांना तोंडपाठ आहेत. उपासनेचा पांढरा झगा अंगात पाहिजे, गळ्यात पट्टा पाहिजे, छातीवर बायबल पाहिजे, पेटीला खांदा पाळकांनी किंवा चर्चच्या मंडळीतल्या जुन्या जाणत्यांनीच द्यायचा. आणि सगळ्यांत मोठा कायदा डोक्याचा. साध्या माणसाची पेटी चर्चमध्ये ठेवताना पाय समोरच्या क्रुसाच्या वेदीकडं करतात, म्हणजे तो उठून बसला असं धरलं तर त्याचं तोंड देवाकडं. पाळकाची उलटी. त्याचं डोकं वेदीकडं आणि पाय दाराकडं, म्हणजे तोंड मंडळीकडं. जन्मभर जसा तिच्यासमोर उभा राहिला तसाच. कबरीतसुद्धा तसंच. का, तर दादा सांगतात, "शेवटच्या दिवशी समदे उठून बसतील ना, तवा पाळक समोर दिसाय पाहिजे. त्याची पाठ दिसली तर मंडळी म्हनंल, उपासना संपली, आन् पांगंल."

ह्या एका कायद्यापायी दादांनी एका मोठ्या गावात, नाव सांगत नाही, भरल्या चर्चमध्ये मयत थांबवली होती. घाईगर्दीत तिथल्या लोकांनी पेटी साध्या माणसासारखी ठेवली. पहिलं गीत सुरू झालं आणि सातव्या बाकावरून दादा उठले. "थांबा! पाळकसाहेबांची पाठ आमच्याकडं हाय!"

उपासना घेणारे पाळक वयस्कर होते, शांतपणे म्हणाले, "बाबा, आडव्या माणसाची पाठ खाली असते."

"मग आमी खाली जाऊन बसू का?" दादा म्हणाले.

झालं! सहा माणसं उठली, बाकांच्या मधल्या अरुंद जागेत ती लांबलचक पेटी फिरवायला लागली. एक फुलदाणी पडली, पहिल्या बाकावरच्या बायका पदर सावरत भिंतीला चिकटल्या, पेटीवाल्याला, म्हणजे बाजाच्या पेटीवाल्याला, स्टुलासकट उचलून बाजूला ठेवला. त्याला थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो वाजवतच राहिला आणि लोक गातच राहिले. त्या गीताची सगळी कडवी दोनदा झाली. दादा सांगतात, इतकं दणक्यात गायलेलं गीत त्यांनी आजवर ऐकलं नाही.

आता खरी मौज ऐका. दुसऱ्यांच्या गावच्या मयती सुधारून आलेल्या ह्या माणसाच्या स्वतःच्या चर्चमध्ये मात्र पाळक मरतच नव्हता. पाळकांची बदली होते. चार-पाच वर्षं राहायचं, सामान टेम्पोत घालायचं, पुढच्या गावी जायचं. "तीन आले, तिन्ही धडधाकट गेले," असं दादा इतक्या दुःखानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरी नांदायच्या राहिल्या. तरी आशा सोडायचे नाहीत. नवे पाळक आले, की पहिल्या रविवारी सगळी मंडळी प्रवचन ऐकायची आणि दादा एक डोळा बारीक करून माप घ्यायचे. आत्ताचे पाळक तर अगदी तरणे, चर्चमागच्या मोकळ्या जागेत पोरांबरोबर क्रिकेट खेळणारे. त्यांच्या घरी चहाला गेल्यावर दादांनी सरळ विचारलं, "साहेब, उंची किती म्हनायची?"

"पाच फूट दहा."

"चपलंसकट का बिगरचपलंची?"

त्यांची नवी नवरी कपबशी हातात धरून उभी. "कशाला हो, दादा?" तिनं विचारलं. तिला वाटलं, म्हातारा स्वेटर आणायलाय की काय.

"असू द्या, बाई. सागवान आजकाल लौकर मिळत न्हाई."

त्या पोरीनं तीन रविवार दादांना नमस्कार केला नाही.

अशात दादांचं नशीब उघडलं. वीसेक वर्षांमागं आमच्या इथल्या चर्चला जे पाळक होते, ते रिटायर होऊन सेलूलाच परत आले. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांची बायको, ते इथं असतानाच वारली होती आणि इथल्याच कबरस्थानात होती. त्यांना तिच्याजवळ राहायचं होतं. मूलबाळ नव्हतं. आमच्या समोरच दोन खोल्या घेतल्या. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. बारीक अंगाचे, हसरे, आणि दिसायला गरीब वाटले तरी जिभेनं खट्याळ. ते आले त्या दिवशी दादा भिंतीपाशी येऊन मला म्हणाले, "अक्का, साहेब आले. आता हितंच राहणार. कायमचे." त्या 'कायमचे'वर त्यांचा चेहरा असा उजळला, की मीच देवाला मनात म्हटलं, देवा, ह्या बिचाऱ्या पाळकाला सांभाळ रे बाबा.

पण साहेब काही भिणारे नव्हते. दादांनी पहिल्याच आठवड्यात पेटीसाठी सागवानी फळ्या आणून दारात ठेवल्या, तर साहेब रोज येऊन त्यांवर टिचकी मारून बघायचे. झगा शिवायचं काम माझ्याकडं आलं. मी माप घ्यायला गेले तर हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, जरा ढिला शिवा. तिकडं जेवण चांगलं असतं म्हणतात."

दादा रोज चारला त्यांच्याकडं जायचे. निमित्त मापाचं. माझी ती टेप काढायचे, साहेबांच्या दंडाला लावायचे, खांद्याला लावायचे, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "साहेब, बोटभर कमी झालात. पेटी ढिली पडायली. आत तुमी खुळखुळा वाजाल. खा!" असं म्हणून पिशवीतला डबा पुढं करायचे. भाकरी, पिठलं, कधी सुकटीची चटणी. एकटा माणूस, स्वतःसाठी चूल कोण पेटवतं? साहेब आधी एका वेळेला बिस्किटावर राहायचे. दादांच्या टेपेच्या धाकानं दोन्ही वेळेला जेवायला लागले. मी एकदा दादांना म्हटलं, "तुमी त्यांना मरायची तयारी म्हणून जगवायलाव की." तर दादा रागावले. "वाळलेल्या माणसाला झगा शोभत न्हाई, अक्का," म्हणाले, आणि आत निघून गेले.

मग दादांनी तालीम ठेवली. हो, मयतीची तालीम! कापसाच्या जिनिंगमधून सरकीचं एक पोतं आणलं, ते लांब बाकड्यावर आडवं बांधलं, सहा जणांना हातमोजे घातले आणि चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत पाऊल मोजून चालवलं. पोत्यावर घालायचं जांभळं कापड मीच शिवलं होतं, म्हणून मीही हजर. साहेब काठी टेकत आले आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसले.

"ह्यात मी कोणता?" त्यांनी विचारलं.

"तुमी पोतं," दादा म्हणाले.

"वजनाला जास्त दिसतोय."

"झगा धरून हाय, साहेब."

पोतं पुढं गेलं, रेल्वेच्या डब्यासारखं हळूच फिरलं आणि वेदीपाशी नेमकं टेकलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "फार छान, दादा. आता एक विनंती. ह्या पोत्याचं डोकं कुणीकडं?"

"वेदीकडं. पाळकाचं पोतं हाय."

"मला सगळ्यांसारखं ठेवा. पाय वेदीकडं."

खांदेकरी पोतं धरूनच उभे राहिले. साहेब उठले, काठी टेकत पुढं आले. "चाळीस वर्षं मी तिकडं पाठ करून उभा राहिलो, दादा. समोर काय, तर तुमची तोंडं. कुणी जांभई देतंय, कुणी घड्याळ बघतंय, कुणी माझी उंची मोजतंय. तुमच्यासाठी मी तिकडचं सांगत राहिलो, आणि मला स्वतःला कधी नीट बघायला मिळालं नाही. कबरीत तुमच्या मनासारखं करा. पण इथं, एकदा तरी, मला तिकडं तोंड करून राहू द्या."

"आन् कायदा?" दादांचा आवाज बारीक झाला होता.

"कायदा कुणी केला?"

"आमच्या आज्याच्या टायमापासून हाय."

"मग आज्याला मी वर भेटून सांगतो," साहेब म्हणाले. खांदेकरी हसले. दादा हसले नाहीत.

त्या दिवसापासून चारच्या चहाला हाच विषय. दोन वर्षं! समोरच्या दारातून आवाज यायचे. दादा म्हणायचे, "तुमी माझी इज्जत घालवायलाव, साहेब. बाहेरगावचे पाळक येतील, म्हनतील, जन्मभर लोकांच्या पेट्या फिरवल्या आन् घरची उलटी ठेवली." साहेब म्हणायचे, "सांगा त्यांना, म्हातारा हट्टी होता." एकदा भांडण इतकं पेटलं की दादा तीन दिवस गेलेच नाहीत. चौथ्या दिवशी टेप घेऊन गेले. का, तर तीन दिवसांत साहेब किती वाळले ते बघायचं होतं.

मलाही मध्ये ओढलं. "अक्का, तुमीच सांगा. तुमच्यात कसं असतंय?"

मी म्हटलं, "आमच्यात झोपवतच न्हाईत, दादा. बसवतात. आन् इष्टलिंग हातात देतात. बघायचं ते हातातच असतंय, मग तोंड कुणीकडं का असंना."

साहेब म्हणाले, "दादा, हे आपल्याला सुचलं नाही हो."

"ह्यांना बसवायचं म्हनलं तर माझी सागवानी पेटी वाया जातीय," दादा म्हणाले.

मागच्या थंडीत साहेबांनी अंथरूण धरलं. छाती भरली होती. डॉक्टर येऊन गेले. दादा आता चारलाच नाही, दिवसभर तिथंच. टेप काढत नव्हते. मी मऊ खिचडी घेऊन गेले तेव्हा साहेब चार घास खाऊन भिंतीला टेकले होते. त्यांनी दादांकडं बघून विचारलं, "जमतंय का मग?"

दादा पांघरुणाचं टोक सारखं करत होते. "साहेब, बाकी काय बी मागा."

"बाकी काही नकोच आहे," साहेब म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही, म्हणजे फार आवडलं, म्हणून आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आणि मग आमच्या दादांची मयत, म्हणजे त्यांनी जन्मभर बसवलेली ती मयत, एकदाची लागली. गावोगावचे पाळक आले. आमच्या गल्लीतले आले, कापडवाले आले, जिनिंगचे हमाल आले. साहेबांनी कुणाकुणाला काय काय दिलं होतं कोण जाणे. सेलूच्या बाजारात त्या दिवशी अर्धी दुकानं उशिरा उघडली. दादांनी काळा कोट घातला होता, वरपर्यंत बटणं लावून. खांदेकरी उंचीनं लावलेले, हातमोजे पांढरेफेक, झग्याला कडक इस्तरी. मी झगा ढिला शिवला होता, तो अंगावर सारखा करताना माझ्याच हाताला कळेना, कुठं ओढावा. पेटी दारातून आत आली. मी, आमच्या गल्लीतले, तालमीतले ते सहा जण, आम्ही सगळे एकाच गोष्टीकडं बघत होतो. पेटी वेदीपाशी गेली, हळूच फिरली आणि टेकली. डोकं वेदीकडं. तोंड आमच्याकडं. तंतोतंत कायद्यानं.

खोटं कशाला बोलू, मला दादांचा इतका राग आला की गीत चालू असताना मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होते. म्हटलं, माणूस आहे का सिग्नलचा खांब? मेल्या माणसाची एक गोष्ट ऐकली असती तर ह्याच्या आज्याचं काय गेलं असतं? दादा समोर नजर लावून ताठ उभे होते. प्रवचनं झाली, सगळ्यांत मोठ्या पाळकांनी साहेबांचं गुणगान केलं, आणि सगळे रांगेनं येऊन साहेबांचं शेवटचं तोंड बघून गेले. बाहेरून आलेले पाळक तर जाताना दादांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दादा, अशी व्यवस्था कुठं बघितली नाही."

मग दादांनी सगळ्यांना सांगितलं, "आता झाकण लावायचं हाय. समद्यांनी बाहेर रांगंत उभं राहा. हे सहा जण थांबतील. आन् अक्का थांबतील, कापड घालायला." चर्च रिकामं झालं. दादांनी दार आतून लोटून घेतलं.

"चला, झाकण घ्या," खांदेकऱ्यांतला एक म्हणाला.

"झाकण राहू दे. पेटी उचला," दादा म्हणाले. "फिरवा."

सहा जणांनी पेटी उचलली आणि फिरवली, इतकी अलगद की एकाही बाकाला लागली नाही. पाय वेदीकडं, डोकं दाराकडं. दादांनी वाकून बघितलं. मग कोटाची बटणं सोडली, कोट काढला, त्याची घडी केली आणि साहेबांच्या उशीखाली सारली. त्यांचं डोकं जरा वर उचललं गेलं. इतक्या वर्षांत मयतीत दादांच्या अंगावरचा कोट उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. आत फाटका बनियन होता.

दारावर थाप पडली. "दादा, काय झालं? उशीर व्हायलाय!" मोठे पाळक बाहेरून विचारत होते.

"स्क्रू सापडंना, साहेब!" दादा ओरडले. सगळे स्क्रू त्यांच्या मुठीत होते.

मी जवळ गेले. जांभळं कापड माझ्या हातातच होतं. "किती वेळ ठेवायचं, दादा?" मी हळूच विचारलं.

दादा साहेबांच्या डोक्याशी उभे होते आणि साहेबांचं तोंड होतं तिकडंच बघत होते, वेदीवरच्या साध्या लाकडी क्रुसाकडं, आणि त्याच्या मागच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं. "त्यांचं बघून होऊ द्या, अक्का," ते म्हणाले.